पट्टी वाचा, मग पेरा

आमच्या ओसरीतल्या खुंटीला एक वाकडी तार लटकते. मोंढ्यातून आलेली प्रत्येक हिशोबपट्टी तिच्यात टोचून ठेवायची वडिलांची सवय होती. ते गेल्यावर एका रिकाम्या दुपारी मी ती तार खाली काढली आणि पट्ट्या तारखेप्रमाणे चटईवर मांडल्या. अकरा वर्षांच्या पट्ट्या होत्या. भाव दरवर्षी वेगळा, दुकानाचं नावही दोनदा बदललेलं, पण सोयाबीनच्या तारखा काही हलत नव्हत्या. दसऱ्याच्या पुढेमागे पहिली गाडी, धनत्रयोदशीच्या आत शेवटची. शेजारच्या दोघांकडून त्यांच्या पट्ट्या मागून आणल्या. त्यांच्याही तारखा त्याच.

सगळा तालुका एकाच पंधरवड्यात विकायला निघतो. मोंढ्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि आत खरेदीदार निवांत चहा पितो. घाई विकणाऱ्याला असली की भाव घेणाराच ठरवतो. हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपण मात्र घरी येऊन व्यापाऱ्याला शिव्या देतो. त्यातल्या काही त्याला लागूही पडतात. पण त्या तारखा काही व्यापाऱ्याने ठरवलेल्या नाहीत. बांधापासून बांधापर्यंत एकच पीक पेरलं, त्या जूनमध्येच त्या ठरून गेल्या. आणि त्याच पेऱ्याने जमिनीचं काय केलं, ते पट्टीवर येत नाही.

म्हणून या लेखात विक्री आणि जमीन या दोन गोष्टी मी एकत्र घेतो. लातूर, धाराशिव, हिंगोली, वाशीम या पट्ट्यातला दोन-पाच एकरांचा, पावसावरचा, सोयाबीन घेणारा शेतकरी डोळ्यांसमोर आहे. द्राक्ष, डाळिंब किंवा ऊसवाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांनी यातलं घेण्यासारखं असेल ते घ्यावं.

आधी पट्टी

पट्टीवर भावाच्या आकड्याखाली बोट ठेवून आपण थांबतो. त्याऐवजी बोट तळापर्यंत न्या. पोती किती, भरतीचं वजन किती, बारदान्याचं किती वजा केलं, हमाली, तोलाई, आणि ‘इतर’ नावाचा तो गूढ रकाना. ‘इतर’समोर आकडा असेल तर तिथेच, दुकानात उभं राहून विचारा. घरी आल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. माल घरून निघण्याआधी वाटेतल्या धर्मकाट्यावर एकदा गाडी चढवा. चार पैसे जातात, पण दोन वजनं हातात असली की बोलणं सोपं होतं.

एका वर्षी माझ्याच मालाचा लिलाव झाला, भाव पुकारला गेला, आणि माप होताना दुकानदार म्हणाला, ‘हवा जास्त आहे, क्विंटलमागे दोन किलो सोडा.’ मी सोडले. गाडीभाडं चालू होतं, अंधार पडत होता, आणि मागे तीस गाड्या होत्या. आजही ते दोन किलो मला आठवतात. ओलावा पाहून, मूठ भरून, दाताखाली दाणा फोडून मगच बोली लागलेली असते. बोलीनंतर पुन्हा त्याच ओलाव्याची कटती म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. असं झालं तर माप थांबवा आणि बाजार समितीच्या निरीक्षकाला बोलवा. तो यायला वेळ लावेल, पण तो येणार म्हटल्यावरच पुष्कळदा दोन किलोंचा विषय मिटतो.

हा हक्क कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. वऱ्हाडात कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार १८८६ सालीच सुरू झाला. आपल्या राज्याचा बाजार समितीचा कायदा १९६३चा. मालाचे पैसे चोवीस तासांत मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. ‘पंधरा दिवसांनी घेतलात तर शंभर रुपये जास्त देतो,’ असं कोणी म्हणालं तर तो भाव वाढवत नाही, तुमच्याकडून कर्ज घेतो, आणि तेही तारणाशिवाय. गावात येऊन माल उचलणाऱ्यालाही हेच लागू. खेड्यावरची खरेदी वाईट नसते, भाडं वाचतं. मात्र परवाना बघा आणि वजन-भाव लिहिलेला कागद घेतल्याशिवाय पोतं उचलू देऊ नका.

आता हवेबद्दल, म्हणजे ओलाव्याबद्दल. इथे आपलं गणित नेहमी चुकतं. समजा तुमच्याकडे दहा क्विंटल सोयाबीन आहे, ओलावा १६ टक्के. आज ओला माल ३,७०० रुपयांनी जातोय आणि वाळलेला, १० टक्क्यांचा, ४,२०० रुपयांनी. फरक पाचशेचा, म्हणजे दहा क्विंटलला पाच हजार जास्त मिळतील, असं मन सांगतं. पण वाळल्यावर दहाचे दहा क्विंटल उरत नाहीत, ९.३३ उरतात. ओल्या मालाचे होतात ३७,००० आणि वाळलेल्याचे सुमारे ३९,२००. खरा फायदा बाविसशेच्या घरात, आणि त्यातून ताडपत्री, राखण आणि दोन दिवसांची मजुरी वजा करायची. हेच उलट मांडा. ३,७००ला ०.९३ने भागलं की सुमारे ३,९८० येतात. वाळलेल्या मालाला याहून बराच जास्त भाव असेल तर वाळवा. शंभरच रुपये जास्त मिळणार असतील आणि आभाळ भरून आलं असेल, तर विकून मोकळे व्हा.

चाळणीचं मात्र असं नाही. ती जवळपास प्रत्येक वेळी परवडते. मातेरं, खडे, फुटका आणि डागी दाणा पोत्यात गेला की बोली लावणारा त्या पाच टक्क्यांचे पैसे कापत नाही, तो सगळ्या पोत्याचा भाव खाली आणतो. डागी दाणा वेगळा काढून वेगळा विका. सोयाबीन, मूग आणि उडीद यांत हा फरक हमखास जाणवतो.

थांबायला बळ लागतं

‘भाव नाही तर विकू नका,’ असा सल्ला देणारे खूप भेटतात. त्यांच्या दारात खतवाला उभा नसतो. कृषी केंद्राची उधारी, मळणीवाल्याचे पैसे, मुलाची फी, दिवाळी आणि रब्बीचं बियाणं हे सगळं ऑक्टोबरातच येतं. म्हणून सगळा माल ठेवा, असं मी कधी सांगत नाही. मालाचे तीन वाटे करा. पहिला वाटा गरजेचा. तो सुगीतच विकायचा आणि त्याची खंत करायची नाही. दुसरा वाटा तारणावर ठेवायचा. तिसरा घरचा, त्यात बियाणं आणि थोडी अडीनडीची पुंजी.

दुसऱ्या वाट्याबद्दल नीट सांगतो, कारण ही सोय दाराशी असून अनेकांना माहीत नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून चालू आहे. योजनेत भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात तुम्ही स्वतःचा माल ठेवायचा. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालावर त्या दिवशीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, मुदत सहा महिने, व्याज वर्षाला ६ टक्के. सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद लागते. व्यापाऱ्याचा माल यात चालत नाही. तुमची समिती योजनेत आहे का, गोदामात जागा आहे का, हे सप्टेंबरमध्येच जाऊन विचारा. ऑक्टोबरात सगळेच विचारतात.

हिशोब असा बसतो. वीस क्विंटल सोयाबीन, भाव ४,२००, किंमत ८४,०००. त्यावर ६३,००० हातात. चार महिन्यांचं व्याज १,२६०, म्हणजे क्विंटलमागे त्रेसष्ट रुपये. वजनात एखादा टक्का घट धरली तर बेचाळीस. वरून पोती चढवण्या-उतरवण्याची हमाली. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे. भाव इतका तरी वाढेल असं वाटत असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. पण याच आकड्यांत अजून एक गोष्ट आहे. कृषी केंद्राची किंवा गावातली उधारी महिन्याला शेकडा दोन रुपयांनी असेल, तर त्याच ६३,००० रुपयांवर चार महिन्यांत पाच हजार चाळीस रुपये व्याज जातं. तारणाच्या पैशांनी ती उधारी फेडली तर भाव एक रुपयाने न वाढताही तुम्ही फायद्यात. मला या योजनेचा हा उपयोग जास्त मोठा वाटतो.

थांबण्याचीही नशा असते, हे लक्षात ठेवा. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. तो आकडा लोकांच्या डोक्यात असा बसला की पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेकांनी सहा हजार नाकारले, मग पाच नाकारले, आणि शेवटी चारच्या आसपास माल बाहेर काढला. काहींनी दोन-दोन वर्षांची पोती घरात ठेवली, दाणा काळवंडला. माल ठेवतानाच वहीत दोन आकडे लिहून ठेवा: या भावाला विकणार आणि या तारखेला विकणार. दोन्हींपैकी जे आधी येईल ते करायचं.

सोयाबीनचा भाव कशावर हलतो, हेही थोडं कळलेलं बरं. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल अठरा किलोंच्या आसपास निघतं, बाकी बहुतेक पेंड. म्हणजे आपण तेलबिया म्हणून जे विकतो ते खरं तर कोंबड्यांचं खाद्य आहे. पेंडीला बाहेर मागणी नसेल तर तेलाची तेजी एकटी सोयाबीनला वर ओढू शकत नाही. तेलाच्या आयातीवरचं शुल्क ही दुसरी दोरी. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्के केलं आणि मे २०२५च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. तुरीचंही तसंच आहे. म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला मुदतवाढ मिळाल्याची बातमी येते तेव्हा आपल्या मोंढ्यात आवक वाढलेली नसते, तरी भाव उतरतो. या बातम्या व्यापारी सकाळी वाचतो. तुम्हीही वाचा, मोबाइल सगळ्यांकडे आहे. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव असतात. आपल्या मोंढ्याबरोबर शेजारच्या दोन मोंढ्यांचा भाव पाहायची सवय लावा. फरक भाड्यापेक्षा जास्त असेल तर गाडीचं तोंड फिरवा.

हमीभावाबद्दल थोडक्यात. २०२५-२६च्या खरिपासाठी सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये हमीभाव जाहीर झाला. खरेदी केंद्रावर नोंदणीसाठी आधार, बँकेचं पासबुक आणि पीकपेरा असलेला सातबारा मागतात. ई-पीक पाहणी राहून गेली की तो कागदच तयार होत नाही, आणि मग रांगेत उभं राहूनही उपयोग नसतो. ऑगस्टमध्ये शेतात उभं राहून काढलेला एक फोटो नोव्हेंबरात क्विंटलमागे हजार रुपयांचा ठरू शकतो. केंद्र उशिरा उघडतं, बारदाना संपतो, हे सगळं खरं आहे. तरी नोंदणी करून ठेवायला काय जातं?

तारखा पसरायच्या तर पीक पसरलं पाहिजे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विक्री तीन-चार वेळा व्हावी असं वाटत असेल, तर सुगीही तीन-चार वेळा आली पाहिजे. मूग-उडीद पोळ्याच्या पुढेमागे, सोयाबीन दसऱ्याला, तूर संक्रांतीच्या सुमारास, ज्वारी आणि हरभरा होळीच्या आधी, करडई त्याच्याही मागे. आपल्या आजोबांच्या शेतात अशीच बरीच पिकं होती. ते मागासलेले होते म्हणून नव्हे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची त्यांची ऐपत नव्हती, आणि आपलीही नाही. आपल्याला ती आहे असं वाटतं, एवढंच.

सोयाबीन सोडा, असं मी म्हणत नाही. शंभर दिवसांत रोख पैसा देणारं दुसरं पीक या पट्ट्यात सहज दिसत नाही. पण चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर, ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे आणि ती माझ्या शेतात टिकली आहे. सोयाबीन निघाल्यावर तुरीला मोकळी हवा मिळते, ती फुटते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण लवकर येतो, हलक्या-मध्यम जमिनीत पाऊस लवकर उघडला तरी हाती काहीतरी लागतं. सोयाबीनचा पैसा दिवाळीला, तुरीचा संक्रांतीला. बाजारात दोनदा जाणारा माणूस एका भावाच्या तावडीत सापडत नाही.

जमिनीच्या अंगाने पाहा. सोयाबीन वर्षानुवर्षं त्याच रानात घेतलं की खोडमाशी आणि चक्रीभुंगा आपलं घर तिथेच करतात, मुळकूज आणि पिवळा मोझॅक पाठ सोडत नाहीत. मुळं वरच्या थरातच फिरतात, खालची माती तशीच घट्ट. तुरीचं मूळ खोल जातं, करडईचं त्याहून हट्टी. ज्या वावरात नांगराचा तळ घट्ट झालाय तिथे एक वर्ष करडई घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी किती मुरतं ते पाहा. करडईला मोंढ्यात फारसं कोणी विचारत नाही, ही तक्रार खरी आहे. पण लाकडी घाण्यावर तेल काढून गावात, तालुक्याला, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांत विकणारे आता बरेच आहेत. अर्धा एकर पेरून पाहायला हरकत नाही. ज्वारीचं तसंच. नुसत्या धान्याचा हिशोब केलात तर ती तोट्यात दिसेल, कडबा धरलात तर चित्र बदलतं. शिवाय तुरीच्या मर रोगाला ज्वारीचा फेरपालट चांगला आवर घालतो. ही गोष्ट म्हाताऱ्यांना अनुभवाने ठाऊक होती.

आमच्याकडे एक तीन एकरांचा तुकडा आहे, वरून खाली उतरता. वडिलांच्या काळापासून पेरणी उताराच्या दिशेने होई, कारण तसं औत सरळ चालतं. जुलैच्या एका पावसात खालच्या नाल्याला गेलो तर पाणी चहासारखं. ओंजळीत घेतलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं. तळाला बोटभर गाळ बसला. काळा, मऊ, शेणखताच्या वासाचा. त्या उन्हाळ्यात दोन ट्रॉल्या शेणखत मीच विकत घेऊन टाकलं होतं. ते नाल्याने जात होतं. पुढच्या वर्षी पेरणी उताराला आडवी केली आणि दर चार ओळींनंतर एक मृत सरी सोडली. रुंद वरंबा सरीचं पेरणीयंत्र मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर साध्या तिफणीने पेरून नंतर बळीराम नांगराने सरी काढली तरी चालतं. पाऊस कमी पडला तर सरीत पाणी मुरतं, जास्त पडला तर रानात न तुंबता निघून जातं. बियाणंही थोडं कमी लागतं. त्या तुकड्यात खालच्या बाजूला मी एक सांडवा दगडांनी बांधून घेतला. बांध फुटतो तो नेहमी तिथूनच.

भुसकट जाळू नका. सोयाबीनची गुळी, तुरीचा पाला, हरभऱ्याचं कुटार, जे जनावराला जात नाही ते रानातच राहू द्या. काडी पेटवायला मिनिट लागतं आणि ती मातीतला सेंद्रिय कर्ब घेऊन जाते. कर्ब म्हणजे मातीची धारणशक्ती, पाणी आणि खत दोन्ही धरणारी. माती परीक्षणाच्या कागदावर तो ०.४०च्या खाली दिसला तर समजा की खताच्या पिशवीतला बराच पैसा तुम्ही पाण्यात टाकताय.

माती परीक्षणाचा विषय निघालाच आहे तर तो नमुना काढण्याबद्दल, कारण आपण तो चुकीचा काढतो आणि मग कागदाला नावं ठेवतो. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी काढायचा. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीपाशी, उकिरडा असलेल्या जागी काढायचा नाही. रानात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या. त्यातली माती टाकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा. खताच्या रिकाम्या पोत्यावर नको, तिथेच नमुना बिघडतो. ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं अर्धा किलो उरेपर्यंत करत राहा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत गट नंबर आणि पुढच्या हंगामात काय घेणार ते लिहिलेली चिठ्ठी टाका. काळ्या आणि मुरमाड रानाचा नमुना एकत्र करू नका.

कागद आला की तो वाचून खत घ्या. आपल्याकडे सोयाबीनला डाळीचं किंवा तेलाचं पीक म्हणून नव्हे, तर दुकानात जे शिल्लक आहे ते खत मिळतं. डीएपीत गंधक नसतं. तेलबियांना गंधक लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के आणि गंधक ११ टक्के असतं, शिवाय कॅल्शियमही मिळतं. पोती जास्त उचलावी लागतात हे खरं, पण दाण्याच्या वजनात त्याची परतफेड होते. दुकानदार ‘ते जुनं खत आहे’ म्हणेल. असू द्या.

बियाण्याचंही याच हिशोबात धरा. सोयाबीन सरळ वाणाचं असेल तर दरवर्षी पिशवी विकत घ्यायची गरज नाही. घरचं चांगलं पीक बियाण्यासाठी राखता येतं. मात्र मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या पुढे जाऊ देऊ नका, टरफल पातळ असतं, लगेच तडकतं. पोती जमिनीवर टाकू नका, आपटू नका, उंच थप्पी लावू नका. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर पेरा. घरच्या बियाण्याला एकरी तीस किलोंच्या आसपास लागतं. ते जूनच्या भावाने विकत घ्यावं लागलं नाही, तर ती तुमची सगळ्यात चांगली विक्री समजा.

पाणी मोजून पीक

या सगळ्याला गावाची साथ मिळाली तर काय होतं, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन पाहावं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली. यंदा किती पाणी आहे, पिण्याला किती, जनावरांना किती, मग उरलेल्यात रब्बीला कोणतं पीक किती, हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही, केळी नाही. हे वाचायला कडक वाटतं. पण त्यामुळे शेजारच्याने खोल बोअर पाडून माझी विहीर आटवली, हे भांडण तिथे उरलं नाही. आपल्या गावात एवढं होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. होणार नसेल तर निदान आपल्या विहिरीत दोरी सोडून पाहा. दिवाळीला पाणी किती हात आहे हे पाहूनच हरभरा किती आणि गहू किती ते ठरवा. गहू पाणी मागतो, हरभरा एक-दोन पाण्यांवर येतो.

कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या काही शिवारांत याच्या उलटं झालं. पाणी भरपूर, ऊसही भरपूर, निचरा नाही. मीठ वर आलं आणि चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. पाण्याच्या दुष्काळाने जमीन पडीक राहते तशी पाण्याच्या सुकाळानेही राहते.

एकट्याने किती ओढायचं

दहा क्विंटल घेऊन एकटा शेतकरी तेल कारखान्याच्या फाटकावर गेला तर पहारेकरी आत सोडत नाही. पंचवीस जणांचे दहा-दहा क्विंटल म्हणजे अडीचशे क्विंटल, पंचवीस टन, एक मोठा ट्रक. त्या ट्रकचा नमुना कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासला जातो, ओलावा आकड्यात कळतो, मूठ भरून नव्हे. यासाठी लगेच कंपनी काढायची गरज नाही. आधी पंचवीस माणसं एकाच वाणाचं बियाणं पेरायला तयार होतात का, एका चाळणीवर माल घालतात का, आणि एकाचा माल खराब निघाला तर त्याला तोंडावर सांगू शकतात का, हे एक हंगाम करून पाहा. यात सगळ्यात अवघड तिसरं आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००२मध्ये आली. दहा शेतकरी मिळून ती काढता येते. नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी मोठी उदाहरणं आहेत. अनुदानापुरत्या निघालेल्या, फक्त पाटीवर असलेल्या कंपन्याही आहेत. सभासद होण्याआधी एकच प्रश्न विचारा: गेल्या हंगामात कंपनीने सभासदांचा किती क्विंटल माल विकला? उत्तर लगेच आकड्यात आलं तर शेअरचे पैसे द्या. ‘प्रकल्प मंजूर झालाय’ असं आलं तर चहा पिऊन परत या.

माझ्या तारेवर आता सोयाबीनच्या पट्ट्या तीन तारखांच्या असतात, तुरीची वेगळी, हरभऱ्याची वेगळी. श्रीमंत झालो असं नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र दिवाळीच्या आधी अंधारात माप करून घ्यायची वेळ आली नाही, आणि खालच्या नाल्याचं पाणी पहिल्या पावसानंतरही बऱ्यापैकी नितळ असतं.

तुमच्याही घरी कुठेतरी तार, खुंटी किंवा प्लास्टिकची पिशवी असेलच. पुढची पेरणी ठरवायच्या आधी गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्या काढा, तारखेप्रमाणे मांडा, आणि घरातल्या बाईमाणसांना शेजारी बसवा. बियाणं कधी संपलं, उधारी कुणाची होती, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवतं. त्याच आठवड्यात मातीचा नमुना काढून टाका. मृगाचा पाऊस पडला की प्रयोगशाळेत जायला कुणालाच सवड नसते.